बुजरी

मराठीतल्या ‘बुजणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. घोडा बुजतो, बैल बुजतो. आणि वापरात नसलेली विहीरही बुजते. पहिल्या अर्थात भयाने अंग चोरून मागे सरणे आहे, दुसऱ्यात जिवंत झरा गाळाखाली दिसेनासा होणे. इतकी वर्षे भाषेच्या सहवासात काढूनही हे दोन अर्थ शेजारी ठेवून पाहण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. ती आणली २४ जुलै २०२२ रोजी आमच्या मुलुंडच्या घरात आलेल्या, तांबूस रंगाच्या, दीड-दोन वर्षांच्या एका गावठी कुत्रीने.

‘आम्ही’ म्हणजे दोघे. एकीचे आयुष्य महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेले, दुसऱ्याचे बँकेच्या काउंटरमागे. मुले मोठी होऊन दूर गेली, घर रिकामे झाले, आणि कुत्रे आणावे हा विचार बहुतेक घरांत येतो तसाच आमच्याही घरात आला. ही कुत्री घाटकोपरला भंगाराच्या गोदामामागे सापडली होती. लहानपणी कोणी तरी गळ्यात बांधलेली सुतळी ती वाढली तशी मानेत रुतत गेली होती. भांडुपच्या एका कार्यकर्त्या ताईंनी ती सोडवली, जखम भरून येईपर्यंत चार महिने तिला घरी ठेवले, नसबंदी आणि लसीकरण करून घेतले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती शिवणयंत्राच्या खाली, भिंतीकडे तोंड करून बसली होती. ताई म्हणाल्या, “ही बुजरी आहे. चावणार नाही, पण जवळही येणार नाही. तुम्हाला खेळणारं कुत्रं हवं असेल तर दुसरं दाखवते.” आम्ही मोठ्या रुबाबात सांगितले की आम्हाला हीच हवी. पुस्तके वाचणाऱ्या माणसांना आपल्या करुणेविषयी फार खात्री असते.

ताईंनी निघताना सूचना दिल्या, त्या आम्ही परीक्षेच्या सूचनांसारख्या लिहून घेतल्या. पहिले काही दिवस तिला एकच खोली द्यावी, सारे घर एकदम दाखवू नये. एक आडोसा असा असावा की तिथे तिला कोणी हात लावणार नाही. डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. कुत्र्याच्या भाषेत तो धाक असतो. समोरून जाऊ नये, डोक्यावरून हात फिरवू नये, वाकून उभे राहू नये. बाजूला, पाठमोरे, जमिनीवर बसावे. तिने जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली तर ती कंटाळली असे समजू नये; ‘आता पुरे’ असे ती सांगत असते. घरातही पट्ट्याला एक हलकी दोरी मोकळी लोंबती ठेवावी, म्हणजे वेळप्रसंगी अंगाला न झोंबता तिला धरता येईल. बाहेर नेताना गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही, आणि दोन्हींना वेगळी दोरी. घाबरलेले कुत्रे उलटे सरकत एका पट्ट्यातून क्षणात मान सोडवून घेते. गळ्यात फोन नंबराची चकती हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दार. बाहेरचे दार उघडण्यापूर्वी आतले दार बंद असलेच पाहिजे. प्राणी वाचवणाऱ्यांत तीनाचा एक आडाखा सांगितला जातो: तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे अंदाज घेण्याचे, तीन महिने घर आपले वाटायला. “हिला तीन महिन्यांचं वर्ष लागेल,” ताई म्हणाल्या.

ती पलंगाखाली गेली आणि तिथेच राहिली. दिवसा खात नसे. रात्री आम्ही दिवे मालवल्यावर नखांचा टकटक आवाज येई, मग ताटलीचा, मग पाण्याचा. कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्टचे दार, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, या साऱ्या आवाजांचा आम्हाला नव्याने परिचय झाला. तिची भीती आमच्या घराचे भाषांतर करत होती. पहाटे साडेचारला, रिक्षा आणि दूधवाले सुरू होण्याआधी, आम्ही तिला खाली नेत असू. पोट जमिनीला घासत ती भिंतीकडेने चाले. अकराव्या दिवशी तिने हातातला उकडलेल्या अंड्याचा तुकडा घेतला. तोही मान दुसरीकडे वळवून. आमच्याकडे मात्र तिने एकदाही पाहिले नाही.

खरे सांगायचे तर हे आम्हाला खुपू लागले. कुत्रा म्हटले की आमच्यासारख्या वाचणाऱ्यांच्या मनात काय असते? वीस वर्षांनी परतलेल्या ओडिसियसला ओळखून प्राण सोडणारा आर्गस. टोकियोत शिबुया स्थानकाबाहेर मेलेल्या मालकाची वाट पाहत राहिलेला हाचिको, ज्याचा पुतळा १९३४ साली, तो जिवंत असतानाच उभारला गेला. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री. स्वतःला खंडोबाचा कुत्रा म्हणवून घेण्यात धन्यता मानणारा वाघ्या. तुपाची वाटी घेऊन नामदेव ज्याच्यामागे धावले, ते भाकरी पळवणारे कुत्रे. या कथांत कुत्रा असतो तो माणसाचे किंवा देवाचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी. त्याची निष्ठा हे आपल्याला मिळालेले प्रशस्तिपत्र असते. पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून बसलेली कुत्री असले कोणतेच पत्र देत नाही. निष्ठेचे आश्वासन तिला आपल्याकडून हवे असते, आणि ते दिल्याची पोचही ती देत नाही.

म्हणून असेल, आम्ही तिला साहित्यात ओढायचे ठरवले. ताईंकडे तिचे नाव ‘ठकी’ होते. लाकडी बाहुलीचे हे जुने नाव गोड आहे, हे मान्य. पण आम्हाला ते पुरेसे वाटेना. आम्ही नाव काढले ‘सरमा’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पणींशी निर्भयपणे बोलणारी देवांची कुत्री. आणि महाभारताच्या आदिपर्वात आपल्या पिल्लासाठी राजाला जाब विचारणारी आई. संस्कृतातला ‘सारमेय’ हा कुत्र्यासाठीचा शब्द तिच्याचवरून आला. भित्र्या कुत्रीला निर्भय कुत्रीचे नाव द्यावे, ही कल्पना आम्हाला काव्यात्म वाटली. बारसेच करू म्हणालो. रविवार, १४ ऑगस्टला आठ स्नेह्यांना बोलावले. तिला घरी येऊन बरोबर तीन आठवडे झाले होते. आडाख्यातला दुसरा टप्पा संपला, असा आम्ही सोयीचा हिशेब केला.

लोंबती दोरी चारचौघांत बरी दिसत नाही म्हणून काढून ठेवली. चकती असलेला जुना गळपट्टा काढून नवा, जरीकाठी घातला. आतले दार, माणसे ये-जा करणार म्हणून उघडेच राहिले. पाऊस लागला होता. निघताना एका स्नेह्यांनी दारातच छत्री उघडली. खटका दाबला की उघडणारी ती छत्री फट्‌ असा आवाज करून फुलली, आणि तांबूस रंगाची एक रेघ सर्वांच्या पायांमधून जिन्यावर गेली. तीन मजले उतरायला तिला किती वेळ लागला असेल? आम्ही खाली पोचलो तेव्हा फाटकापाशी फक्त पाऊस होता.

आमच्या इमारतीपासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची हद्द चालत वीस मिनिटांवर आहे. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे हे जंगल बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत शहराच्या मधोमध पसरले आहे, त्यात बिबटे आहेत, आणि त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे. ही माहिती आम्ही पूर्वी पाहुण्यांना कौतुकाने सांगत असू. त्या रात्री डोंगराकडच्या रस्त्यावर विजेऱ्या घेऊन फिरताना तिच्यातले कौतुक गळून पडले. आम्ही ‘सरमा, सरमा’ अशा हाका मारत होतो. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्याचा पंच्याहत्तरावा वर्धापनदिन. घराघरांवर झेंडे लागलेले, ध्वनिक्षेपक तपासले जात होते, दहीहंडी पाच दिवसांवर आल्याने कुठे ढोल वाजत होता. भेदरलेल्या जिवाला लपण्यासाठी शांत कोपरा त्या रात्री मुलुंडमध्ये शोधूनही मिळाला नसता. आणि या साऱ्या कोलाहलात आम्ही ओरडत होतो ते नाव तिने आयुष्यात एका दुपारपलीकडे ऐकलेले नव्हते.

ताईंना फोन करायला आम्ही रात्रीचे अकरा वाजवले, कारण लाज. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले की हाका बंद करा, शोधणाऱ्यांना घरी पाठवा, मागे लागू नका. पाठलाग झाला तर ती हद्द ओलांडेल. तिच्या अंथरुणातली न धुतलेली चादर फाटकाच्या आडोशाला ठेवा, शेजारी नेहमीचे खाणे. रखवालदारांना आणि मासळीवाल्या बायकांना सांगून ठेवा; पाहावे, पण पकडू नये. १५ तारखेचा दिवस तसाच गेला. रात्री उशिरा डोंगराकडच्या एका पुनर्विकासाच्या जागेवरून रखवालदाराचा निरोप आला: ताडपत्रीखालच्या वाळूच्या गोण्यांमागे काही तरी लाल हलते आहे. १६ तारखेला पहिल्या लोकलने ताई आल्या.

त्यांनी आम्हाला दूर थांबवले. स्वतः गोण्यांपासून पंधरा-वीस पावलांवर, ओल्या मातीत, पाठ करून बसल्या, आणि रस्त्यावर आपण आपल्याशीच पुटपुटतो तेवढ्या आवाजात म्हणाल्या, “ठके, चहा पिऊन आलीये मी. तू काय खाल्लंस?” मग पुन्हा काही नाही. मग पुन्हा तेच, निराळ्या शब्दांत. असे तासभर चालले. ती आली ती सरपटत, दोनदा परत फिरून. आणि शेवटी तिने ताईंच्या पाठीला नाक लावले. ताईंनी मान न वळवता हात मागे नेला, तिच्या छातीखालून दोरी घेतली. नवा जरीकाठी पट्टा मानेवर नव्हताच.

दोरी हातात आल्यावर ताईंनी आम्हाला विचारले, “काय झालं होतं?”

आम्ही दोघेही गप्प राहिलो. ती काही क्षणांची शांतता आम्हाला ओळखीची वाटली, आणि ती कोठून ओळखीची आहे हे घरी आल्यावर ध्यानात आले. आदिपर्वातली गोष्ट आमच्यातल्या एकीने वर्गात अनेकदा सांगितलेली आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चाललेले असते. तिथे सरमेचे पिल्लू येते. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते आणि सांगते की मी काही केले नाही. हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, चाटले नाही. सरमा सत्रात जाऊन विचारते, याचा अपराध काय? व्यासांनी पुढे लिहिले आहे की त्यांनी काहीच उत्तर दिले नाही. मग ती शाप देते: निरपराध्याला मारलेत, तर तुमच्यावर अदृष्ट असे भय येईल.

हा शाप आम्ही आजवर कथानकाचा खिळा म्हणून शिकवला. राजा त्याने धास्तावतो, शापनिवारणासाठी पुरोहित शोधतो, पुढे सर्पसत्राकडे कथा वळते. पण मुळात शाप आहे काय? सरमेने मृत्यू मागितला नाही, राज्यनाश मागितला नाही. तिने मागितले ते भय, आणि तेही न दिसणारे. मार खाल्लेल्या पिल्लाला यापुढे आयुष्यभर जे वाटणार आहे, नेमके तेच तिने मारणाऱ्यांना देऊ केले. ठकीला भंगाराच्या गोदामातले कोण दिसत असेल आम्हाला ठाऊक नाही. ती कुकरच्या शिट्टीत, छत्रीच्या खटक्यात कोणाला तरी पाहते. कारण समोर नसलेली भीती कशी असते, हे ती ताडपत्रीखाली असताना छत्तीस तास आम्हालाही कळले. शाप खरा ठरायला देवशुनीच लागते असे नाही.

महाभारताच्या दुसऱ्या टोकाला, महाप्रस्थानिक पर्वात, युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गात जायला नकार देतो. या प्रसंगावर आपल्याकडे भरभरून लिहिले गेले. मात्र तो कुत्रा पुढे धर्म निघतो, आणि धर्म निघताक्षणी कुत्रा म्हणून नाहीसा होतो. त्याला सांभाळण्याचा प्रश्नच उरत नाही. आदिपर्वातले पिल्लू कोणी देव निघत नाही. ते पिल्लूच राहते, मार खाऊन घरी परतलेले. योगायोगाने २००४ साली अरुण कोलटकरांची दोन इंग्रजी पुस्तके एकत्र आली. ‘काला घोडा पोएम्स’ची सुरुवात मुंबईच्या एका वाहतूक-बेटावर पहाटे पडून राहिलेल्या गावठी कुत्र्याच्या तोंडून होते, दुसरे, ‘सर्पसत्र’, जनमेजयाच्या यज्ञाविषयीचे. ही दोन पुस्तके आम्ही शेजारी ठेवली तेव्हा त्यांच्यामध्ये मार खाल्लेले ते पिल्लू उभे आहे असे आम्हाला वाटले. हा अर्थ कवीच्या पदरात टाकण्याचा आमचा आग्रह नाही. आमच्या घरात तो तसा लागला, इतकेच.

या शहराचा कुत्र्यांशी असलेला संबंधही असाच दोन टोकांमध्ये हेलकावत आला आहे. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज अंमलातील कुत्रेमारीविरुद्ध पारशी समाज मुंबईच्या रस्त्यांवर उतरला आणि दंगल झाली. त्यांच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ नावाचा संस्कार आहे: मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. कुत्र्याने आपल्याकडे पाहणे याला इतके मोल देणारा समाज याच गावात नांदला, हे आठवून, आमच्याकडे न पाहणाऱ्या ठकीसमोर आम्ही वरमून जात असू. २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लस हा मार्ग ठरवला, २०२३ च्या नियमांनी तो पुढे नेला. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री मोजली गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्र्यांविषयी आधी एक आणि अकरा दिवसांनी सौम्य केलेला दुसरा आदेश दिला, तेव्हा आमच्या सोसायटीतही दोन तट पडले. ज्यांच्या नातवाला कुत्रा चावला होता त्यांची भीती आम्हाला खोटी म्हणता येईना. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. भीती दोन्ही बाजूंना आहे. तिला ओरडून घालवता येत नाही, एवढे मात्र आम्ही त्या वाळूच्या गोण्यांपाशी शिकलो होतो, आणि सभेत तेवढेच बोललो.

त्या पहाटे ताईंना आम्ही अखेर सारे सांगितले: दोरी, पट्टा, दार, बारसे. त्या रागावल्या नाहीत. “म्हणाल तर परत नेते,” म्हणाल्या. ते वाक्य दोन दिवस आमच्या घरात राहिले. ठेवून घेणे ही करुणा की हट्ट, हे आम्हाला ठरवता येईना. शेवटी आम्ही पहिल्या दिवसापासून सुरुवात केली; तेच पलंगाखालचे आडोसे, तीच पहाट, दारासमोर आता एक वेगळे जाळीचे फाटक. पशुवैद्यांनी रक्त तपासून गोचिडांचा ताप नाही याची खात्री केली आणि पावसाच्या पाण्यातून येणाऱ्या लेप्टोच्या लसीची पुढची तारीख दिली. मुलुंडचे गणपती आले आणि गेले. आम्ही खिडक्या लावून, पंखा मोठा करून तिच्यापासून चार हातांवर वाचत बसलो. दिवाळीत फटाके वाजायच्या आधी तिला फिरवून आणले. पाहुण्यांना वर्षभर बोलावले नाही. ‘सरमा’ हे नाव वहीतच राहिले. ‘पाळणे’ हा शब्द आम्ही आजवर कुत्र्याच्या बाबतीत एक आणि शब्दाच्या, नियमाच्या बाबतीत दुसरा समजत होतो. कुत्रा पाळायचा तर आधी नियमच पाळावे लागतात, हे भाषेला आमच्या आधी ठाऊक होते.

तिने आमच्याकडे कधी पाहिले? तारीख सांगता येत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात एका दुपारी पुस्तकातून मान वर केली तर ती पलंगाखालून बाहेर येऊन, पंजांवर हनुवटी टेकून, पाहत होती. आम्ही लगेच नजर वळवली. आता तीही शिष्टाचार आमच्याइतकाच जाणते. पाहते, आणि मग जांभई देते. छत्रीला अजून घाबरते. घाबरेल. बुजलेली विहीर उपसली म्हणजे गाळ संपला असे होत नाही, दर उन्हाळ्यात थोडा काढावा लागतो.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे वेगळे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. हा फरक वर्गात फळ्यावर दोन रकाने आखून शिकवायचा. हा लेखही ‘आम्ही’नेच लिहिला, कारण जे झाले त्याची जबाबदारी तिच्यावर ढकलता येणार नाही. पण परवा पहाटे, दोन्ही दोऱ्या अडकवून, आतले दार लावून, बाहेरच्या दाराची कडी काढताना आमच्या तोंडून सहज गेले, “चल ठके, आपण जाऊ.”

ती उठली.